फाटकावरचं नवं नाव

पेंटरभाऊंना कुणी किती वाजले ते सांगितलं, तर ते "बरं" म्हणायचे आणि पुढच्या माणसाला पुन्हा विचारायचे. बँकेने एकदा सगळ्या गिऱ्हाइकांना छत्र्या वाटल्या. आमची सगळी गल्ली छत्र्या मिरवत हिंडली, पण भाऊंनी आपली तिथल्या तिथे परत केली. म्हणाले, "छत्री फुकट देणारा पावसाचे पैसे लावतो." त्यांच्या माघारी पोरं त्यांना संशयकाका म्हणायची. त्यांनाही ते माहीत होतं, फक्त पहिल्यांदा कोण म्हणालं याचा ते शोध घेत होते.

वहिनी नेमक्या उलट. कुणी हसून बोललं की माणूस चांगला, असं त्यांचं सरळ गणित. बुटांच्या कारखान्यात शिलाई विभागात त्या लग्नाआधीपासून कामाला होत्या. त्यांची धाकटी बहीणही त्यांच्याच ओळखीने तिथे लागली होती, सोल चिकटवायच्या विभागात. दोघी सकाळी एकाच बसने जायच्या, एकाच डब्यातून जेवायच्या. धाकटीच्या अंगाला कायम त्या चिकटवायच्या द्रवाचा वास यायचा. संध्याकाळी ती भाऊंच्या घरात शिरली की भाऊ खिडकी उघडायचे आणि ती म्हणायची, "भावोजी, वास माझा नाही, तुमच्या मेहनती मेहुणीच्या पगाराचा आहे."

माझं दुकान त्यांच्या घरासमोरच. पुढचं सगळं मला भाऊंनी आणि वहिनींनी वेगवेगळं सांगितलंय. दोघांचं सांगणं जुळतं, म्हणून मी ते खरं धरतो.

भाऊंचा धंदा पाट्या रंगवण्याचा. एके काळी बाजारातल्या निम्म्या दुकानांवर त्यांचंच अक्षर होतं. मग प्लास्टिकवर छापलेल्या पाट्या आल्या. रात्रीतून तयार, वर मालकाचा फोटोसुद्धा. दुकानदार एकेक करून गळाले. शेवटी टिकलं ते एकच मोठं गिऱ्हाईक, हाच बुटांचा कारखाना. आत विभागांची नावं, जमिनीवरचे पिवळे पट्टे, 'हातमोजे घाला', 'येथे थुंकू नका', आणि फाटकावरची मोठी पाटी. एवढ्यावर घराला भाऊंचा हातभार लागायचा.

कारखान्याचा मालक कोण, हा भाऊंचा जुना प्रश्न. बुटाच्या जिभेवर एका बाहेरच्या कंपनीचं नाव शिवलेलं असायचं. ते नाव सगळ्या जगाला ठाऊक, पण तो बूट आमच्या गल्लीत कुणाच्याच पायात नव्हता. फाटकावर वेगळंच नाव. आणि वहिनींच्या पगाराच्या पाकिटावर तिसरंच.

"एका माणसाने तीन नावं लावली तर पोलीस धरतात," भाऊ म्हणायचे. "कंपनीने लावली तर तिला मोठी म्हणतात."

"तुम्हाला काय करायचंय?" वहिनी म्हणायच्या. "पगार वेळेवर येतो ना? नावं चाटायची आहेत का?"

बाहेरून तपासणीला माणसं यायची त्याच्या आधी भाऊंना हमखास बोलावणं यायचं. बाण पुन्हा रंगवायचे, 'बाहेर जाण्याचा मार्ग' ही हिरवी अक्षरं ताजी करायची. एकदा एका दारावर ते असं लिहीत असताना त्यांनी सहज दार ढकललं, तर ते हलेना. पलीकडे खोक्यांची थप्पी लागलेली. तपासणीच्या दिवशी खोकी निघाली, पाहुणे गेले, दुसऱ्या दिवशी खोकी परत जागेवर. भाऊंनी हे घरी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "पाहुणे यायचे म्हटल्यावर आपणही कपाटाखाली कोंबतोच की." भाऊ म्हणाले, "आपल्या कपाटाखालून आगीच्या वेळी चारशे बायका पळायच्या नसतात."

कारखान्यातला कामगारांचा अधिकारी होता, त्याला सगळे गोडसाहेब म्हणायचे. आवाज कधी चढवायचा नाही. कुणाला कामावरून काढायचं असलं तरी आधी खुर्ची पुढे करायचा, पाणी द्यायचा. कामगारांत म्हण पडली होती की साहेबांनी पाणी दिलं की घरी जायची तयारी ठेवावी.

एका सुट्टीच्या दिवशी या गोडसाहेबाने भाऊंना बोलावलं. फाटकाने नाही, मागच्या गोदामाच्या दाराने. आत मोठा पत्रा आधीच कापून ठेवलेला. साहेबाने एक कागद दाखवला. त्यावर निळ्या अक्षरांत एक नवं नाव.

"भाऊ, फाटकाची पाटी बदलायची आहे. इथेच बसून रंगवा. बाहेर न्यायची नाही, कुणाला सांगायचंही नाही."

"का हो साहेब? नाव काय चोरीचं आहे?"

साहेब मनापासून हसला. "तुम्ही म्हणजे ना! अहो, कामगारांना सुखद धक्का द्यायचाय. फक्त नाव बदलतंय. बाकी सगळं तेच. माणसं तीच, मशीन तीच, मीही तोच."

"सगळं तेच आहे तर नाव कशाला बदलायचं?"

"ते वरचं काम. आपल्याला काय कळतं त्यातलं?" साहेबाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हे बघा, नव्या नावाने आतल्याही सगळ्या पाट्या नव्याने लागतील. वर्षभराचं काम आहे. छापणारे मागे लागलेत माझ्या. पण मी म्हटलं, नाही, आपला माणूस आहे."

मग त्याने भाऊंसाठी पाणी मागवलं.

भाऊ पाणी प्यायले नाहीत, पण काम त्यांनी घेतलं. ते मला म्हणाले, "तीस वर्षं मी पाट्या बदलतोय. दुकानाचं नाव बदलतं कधी? भाऊभाऊ वेगळे होतात तेव्हा, नाहीतर जुन्या नावाला तोंड दाखवायला जागा उरत नाही तेव्हा. कुठेतरी पाणी मुरत होतं हे मला पहिल्या फटक्यालाच कळलं."

पण घरी येऊन त्यांनी वहिनींना काही सांगितलं नाही. त्यांचा हिशेब असा की सांगितलं तर ही उद्या सकाळी बसमध्येच सगळ्यांना सांगणार. गोष्ट साहेबापर्यंत जाणार, आपलं काम जाणार आणि कदाचित हिचंही. शिवाय संशय काय, त्यांना रोजच यायचा. दर वेळी खरा ठरतो थोडाच? आठवडाभर ते गोदामात जाऊन अक्षरं रंगवत राहिले. आधी पिवळा हात, मग निळा. घरी येऊन मूग गिळून गप्प.

इकडे कारखान्यात नवी ओळखपत्रं वाटायला सुरुवात झाली होती. चकचकीत, गळ्यात अडकवायला पट्टी, फोटोही चांगला. बोटाचा ठसा द्यायचा, जुनं कार्ड टेबलावरच्या पोत्यात टाकायचं, नवं घ्यायचं. पहिला नंबर सोल चिकटवायच्या विभागाचा लागला. धाकटी त्या संध्याकाळी नवं कार्ड मिरवतच आली. "ताई, बघ ना, आता तरी मी गुन्हेगारासारखी दिसत नाही."

भाऊंनी ते कार्ड हातात घेतलं. नाव बरोबर होतं. फोटो बरोबर होता. वर कंपनीचं नाव मात्र ते, जे अजून फाटकावर लागलंच नव्हतं. त्याखाली कामाला लागल्याची तारीख छापलेली, ती याच महिन्याची.

त्यांनी ते परत दिलं. खिडकी उघडली. बोलले काहीच नाहीत. आणि नेमकं हेच पुढे त्यांना छळत राहिलं.

वहिनींना संशय घ्यायची सवय नव्हती, पण एकदा यायला लागला तर त्या काही भाऊंच्या मागे नव्हत्या. बाजारात काम नाही म्हणणाऱ्या माणसाच्या नखांत रोज निळा रंग कुठून येतो? सुट्टीच्या दिवशीही हा कुठे जातो? आणि बोलायचं बंद का झालंय? दोन दिवस त्यांनी बघितलं. तिसऱ्या दिवशी चहाचा कप समोर न ठेवता हातातच धरून त्या उभ्या राहिल्या.

"अहो, खरं सांगा. दुसरं घर रंगवताय का कुणाचं?"

भाऊ कासावीस झाले. वहिनींचे डोळे भरले होते. मग एका दमात सगळं बाहेर आलं. गोदाम, निळं नाव, साहेबाने टाकलेली गप्प बसायची अट, धाकटीच्या कार्डावरची तारीख.

वहिनी खाली बसल्या. आधी त्यांना हायसंच वाटलं, हे त्या स्वतः सांगतात. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला.

"म्हणजे जुन्या कंपनीत माझी इतकी वर्षं... आणि नव्या कंपनीत मी कालची?"

"कंपनी बंद झाली तर वर्षं बघून पैसे देतात ना? ती वर्षं ज्याच्याकडे मागायची, ते नावच उरणार नाही. फाटकावर नाही, कागदावर नाही. पोत्यात टाकलेली कार्डं जाळली की झालं."

"तुम्हाला हे केव्हापासून माहीत आहे?"

भाऊंनी सांगितलं. वहिनींनी चहा मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी शिलाई विभागाचा नंबर होता. भाऊंना जी भीती होती तेच वहिनींनी केलं, बसमध्येच सगळ्यांना सांगितलं. काहींना पटलं, काही म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला तर सावलीचाही संशय येतो." पण बहुतेकींनी जुनी कार्डं पिशवीच्या अस्तरात सरकवली. टेबलापाशी गेल्यावर पहिली म्हणाली, कार्ड हरवलं. दुसरी म्हणाली, हरवलं. दहाव्या बाईपर्यंत गोडसाहेबाच्या ध्यानात आलं.

"एकाच दिवशी सगळ्यांची कार्डं हरवली? चमत्कारच म्हणायचा."

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "जुनं राहू द्या आमच्याकडे. आठवण म्हणून. फक्त नावच बदलतंय ना?"

साहेबाने वहिनींकडे पाहिलं, आणि त्या वेळी तो हसला नाही. जुनं कार्ड जमा केल्याशिवाय उद्यापासून आत प्रवेश नाही, असं सांगून तो निघून गेला.

दुसऱ्या सकाळी फाटक बंद आणि बाहेर शिलाई विभागाच्या बायका. नवी पाटी लावायची म्हणून भाऊंनाही तीच वेळ दिलेली. भाऊ शिडीवर, पाटीचे वरचे दोन खिळे ठोकून झालेले, आणि खाली त्यांची बायको उभी. तिने वर पाहिलंही नाही. सोल विभागाच्या बायका नवी कार्डं दाखवून बाजूच्या छोट्या दाराने आत जात होत्या. त्यांत धाकटीही होती. ती क्षणभर थांबली, ताईकडे बघितलं, मग मागून कुणीतरी ढकललं आणि ती आत गेली.

भाऊ शिडीवरून उतरले. हातोडी पिशवीत टाकली.

"भाऊ, खालचे खिळे राहिलेत," गोडसाहेब म्हणाला.

"हात दुखतोय साहेब."

"दुखतोय की दुखवताय?"

"तुम्ही पाणी मागवा," भाऊ म्हणाले. "मी घरी जायच्या तयारीतच आहे."

ते बायकांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पाटी वाऱ्यावर खालून हलत राहिली. पुढे साहेबाने छापणाऱ्याचा माणूस आणून ती पक्की केली. भाऊंचं कारखान्यातलं काम त्या दिवशी संपलं.

बायका रोज येऊन फाटकाबाहेर बसू लागल्या. शिलाईच नाही म्हटल्यावर सोल चिकटवायचे कशाला? आतलं कामही थंडावलं. साहेब म्हणे, निर्णय वरचा आहे. वर फोन केला तर वरचे म्हणाले, हा कारखाना आमचा नाहीच, आम्ही फक्त माल घेतो. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे, आणि उंट कुणाचा विचारलं की जो तो काखा वर करतो. पण बुटांची खोकी बंदरावर वेळेत पोचली नाहीत तेव्हा चक्रं फिरली. कारखाना आमचा नाही म्हणणाऱ्यांनी विमानाने एक बाई पाठवल्या. भाऊ म्हणाले, "माल अडला की मालक सापडतो."

बाई तरुण होत्या, साध्या कपड्यांतल्या, घामाघूम झालेल्या. फाटकाबाहेर खुर्च्या टाकल्या. कामगारांच्या वतीने वहिनी बोलणार होत्या. एकीचं बोलणं दुसरीच्या भाषेत सांगायला दुभाषा आणला होता, तोही गोडसाहेबाच्याच गाडीतून उतरला. ते बघूनच भाऊ पुटपुटले, "पेला त्याचा, पाणी त्याचं, आणि तहान आपली."

वहिनींनी पहिल्यापासून सांगितलं. कशा लागल्या, शिलाई मशीनवर बोटातून सुई कशी आरपार गेली होती, पोर पोटात असताना कशा उभ्याने काम करत होत्या, कार्डं कशी मागितली, तारीख कशी बदलली. बराच वेळ बोलल्या. मग दुभाषा बाईंकडे वळला आणि चार शब्द बोलून थांबला.

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या. "मी एवढं बोलले ते कुठे गेलं?"

"सार सांगितलं मी," दुभाषा म्हणाला.

"सार नको. सगळं सांग."

"ताई, त्यांना वेळ कमी आहे."

वहिनी उठल्या. पिशवीच्या अस्तरातून जुनं कार्ड काढलं, शेजारणीच्या हातातलंही घेतलं, आणि बघायला बाहेर आलेल्या सोल विभागातल्या एकीचं नवं कार्ड मागून घेतलं. तिन्ही बाईंच्या पुढ्यात धरली. जुन्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. नव्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं आणि मान हलवली. नाही. मी ही नाही.

बाईंनी गोडसाहेबाला काहीतरी विचारलं. तो बरंच बोलला, हसत हसत. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोनवर कार्डांचे फोटो काढले, वहिनींचा हात हातात घेतला आणि काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?" वहिनींनी विचारलं.

दुभाषा म्हणाला, "छान, म्हणाल्या."

त्या खरंच काय म्हणाल्या ते आजवर कुणाला कळलं नाही.

काही आठवड्यांनी फाटकावर सूचना लागली. ज्यांच्याकडे जुनं ओळखपत्र आहे त्यांची जुनी वर्षं धरली जातील. बाकीच्यांनी नव्या कंपनीत राजीखुशीने नव्याने प्रवेश घेतला आहे असं समजण्यात येईल. शिलाईच्या बायकांनी फाटकापाशी एकमेकींना मिठ्या मारल्या. वहिनींना लोक डोक्यावर घ्यायला लागले. भाऊ तेवढे घरी येऊन म्हणाले, "इतक्या सहज दिलं? म्हणजे यांचा मुक्काम आता फार दिवस नाही."

वहिनी चिडल्या. "एकदा तरी आनंद होऊ द्या हो!"

पण वर्षभरात तसंच झालं. बाहेरच्या कंपनीला दुसऱ्या कुठल्याशा देशात आणखी स्वस्तात बूट शिवून मिळायला लागले. ऑर्डर आटत गेल्या. एके दिवशी शिलाईच्या मशिनी लाकडी पेट्यांत घालून ट्रकवर चढल्या. गोडसाहेबही त्यांच्यामागे गेला म्हणतात, तिथल्या माणसांना पाणी द्यायला. निघताना ज्याचा त्याचा हिशेब झाला. वहिनींच्या हातात इतक्या वर्षांचं काहीतरी पडलं, घराच्या छपराचं काम त्यात निघालं. धाकटीला एका वर्षाचं मिळालं. एकाच बसने गेलेल्या, एकाच डब्यातून जेवलेल्या दोघी बहिणी, आणि धाकटी सोलच्या विभागात सगळं तारुण्य घालवूनही कागदावर कालची आलेली.

धाकटीने त्या दिवसापासून ताईकडे येणं सोडलं. भावोजींना आधीपासून माहीत होतं आणि कार्ड हातात घेऊनही ते बोलले नाहीत, हे तिला फाटकाबाहेरच्या बायकांकडून केव्हाच कळलं होतं. तोवर तिने ते पोटात ठेवलं होतं.

भाऊ एका दुपारी स्वतःच तिच्या घरी गेले. ती भांडी घासत होती. तिने त्यांना बसा म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही.

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं," भाऊ म्हणाले. "साहेबाच्या कामाला भुललो. भ्यालोही."

"भावोजी, तुम्ही सांगितलं असतं तरी कार्ड आधीच पोत्यात पडलं होतं."

"त्याआधी सांगायला हवं होतं. नाव रंगवायला घेतलं त्या दिवशी."

धाकटी बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "कदाचित मी तरीही दिलं असतं. साहेब हसून मागत होते. फोटो छान होता. तुमच्यावर मी हसलेही असते. पण ते मला ठरवू द्यायचं होतं ना? तुम्ही सगळ्या जगावर संशय घेता, आणि आम्हाला काही कळेल यावर मात्र तुमचा विश्वास नाही."

भाऊ निघाले. ती दारापर्यंत आली नाही.

आता वहिनी पिशव्या शिवणाऱ्या एका लहान कारखान्यात जातात. भाऊ शाळांच्या भिंती रंगवतात. धाकटीला एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात काम मिळालंय. ते हॉटेलही बाहेरच्याच कुठल्या कंपनीचं आहे. चादरींवर एक नाव, गणवेशावर दुसरं, आणि तिला कामावर घेणारा ठेकेदार तिसराच. भाऊंकडे ती अजून येत नाही. पण संध्याकाळी ताईला फोन करते आणि सगळं विचारते. ठेकेदार आज असं म्हणाला, त्याचा अर्थ काय? तिथल्या जुन्या बायकांना विचारू का? वहिनी सांगतात, विचार, सगळ्यांना विचार, आणि मग मलाही सांग.

भाऊ तेव्हा शेजारच्या खोलीत ब्रश धुवायला बसलेले असतात. फोन चालू असेपर्यंत ते नळ बंद ठेवतात.